पुढचा गेम कोणता: दुकान कसं ठरवतं, आपण कसं ठरवावं

2020 च्या लॉकडाऊनमध्ये लुडो किंग खेळला गेला नाही असं घर शोधूनच काढावं लागेल. नवी मुंबईच्या गेमेशन कंपनीचा हा गेम 2016 पासून बाजारात होता, पण त्या उन्हाळ्यात त्याने घरंच्या घरं मोबाइलला चिकटवली. रूमचा कोड फॅमिली ग्रुपवर पडायचा, दुसरा फोन स्पीकरवर असायचा आणि मामा-मावश्या, भाचेमंडळी एकमेकांच्या सोंगट्या मारत बसायची. मावशीची सोंगटी घरात शिरायला एक दान उरलेलं असताना ती मारायची, आणि नंतरचा आरडाओरडा ऐकायचा, यात खरी मजा. फोनवरच्या गेमच्या दुकानाला, म्हणजे अ‍ॅप स्टोअरला, यातलं काहीच ऐकू येत नाही. त्याच्याकडे नोंद होते ती एवढीच की या फोनवर लुडो भरपूर चालतो. मग ते आणखी चार लुडो आणि एक सापशिडी पुढे करतं. अनोळखी माणसांबरोबरचा तो लुडो दोन दिवसांत डिलीट होतो.

नवा गेम शोधताना होणारी फसगत बहुतेक वेळा याच जातीची असते. काय खेळलात, किती तास खेळलात, हे दुकानाला मिनिटापर्यंत ठाऊक असतं. का खेळलात, हे ठाऊक नसतं. तेवढा भाग आपण भरून काढला तर दुकानाच्या शिफारशी बऱ्यापैकी कामाला येतात.

आधी पसारा किती आहे ते बघू. व्हॉल्व्ह कंपनीचं स्टीम हे पीसी गेमचं सगळ्यांत मोठं दुकान. ते 2003 साली सुरू झालं आणि पुढची कित्येक वर्षं तिथे कोणता गेम ठेवायचा हे व्हॉल्व्हची माणसं ठरवायची. 2012 मध्ये 'ग्रीनलाइट' आलं, म्हणजे गेम यावा की नाही यावर खेळाडूंनी मतं द्यायची. 2017 मध्ये तेही बंद झालं. आता गेममागे 100 डॉलर भरायचे, कागदपत्रं आणि तपासणी पार पाडायची, की गेम दुकानात. 2024 या एका वर्षात स्टीमवर 18,000 हून जास्त नवे गेम आले. रोजचे जवळजवळ पन्नास. एवढे गेम एखाद्याने खेळणं सोडाच, त्यांची नावं वाचणंही व्हायचं नाही. म्हणून चाळणी लावायचं काम यंत्राकडे गेलं.

ही चाळणी मुख्यतः दोन प्रकारांनी चालते.

पहिला प्रकार टॅगचा. स्टीमवर 2014 पासून खेळाडू स्वतःच गेमला टॅग लावतात: शेती, कोडी, भयपट, एकट्याने खेळायचा, आरामशीर. एका गेमचे आणि दुसऱ्याचे टॅग जितके जुळतील तितके ते गेम 'सारखे'. पद्धत समजायला सोपी, आणि अगदी नव्या गेमलाही लागू पडते. भानगड अशी की टॅग बहुतेक वेळा गेमचा सांगाडा सांगतो, चव सांगत नाही. 'रस्सा' म्हटल्यावर तांबडा की पांढरा हे कुठे कळतं?

'रोगलाइक' हा टॅग घ्या. 1980 च्या 'रोग' (इंग्रजीत Rogue, म्हणजे भामटा) नावाच्या गेमवरून तो आला. मेलात की पहिल्यापासून सुरुवात, आणि दर खेपेला मांडणी नवी, एवढाच त्याचा ढोबळ अर्थ. आता 'हेडीस' आणि 'स्ले द स्पायर' या दोन्ही गेमना हा टॅग लागतो. हेडीसमध्ये चारी बाजूंनी शत्रू अंगावर येतात आणि अर्ध्या सेकंदात उडी मारून बाजूला व्हावं लागतं. बोटं चपळ हवीत. स्ले द स्पायरमध्ये तुम्ही हातातले पाच पत्ते बघत चहा संपेपर्यंत विचार करा, शत्रू थांबून राहतो. पहिला आवडला म्हणून दुसरा आवडेलच असं काही नाही. उलट 2024 मध्ये आलेला 'बालात्रो' दिसायला पोकरचा गेम, राक्षस नाहीत की तलवारी नाहीत, पण स्ले द स्पायरच्या चाहत्यांना तो घरचाच वाटतो. समोर आलेल्या तीन-चार गोष्टींतून एक निवडायची, आधी निवडलेल्या गोष्टींशी तिचं काही जमतं का बघायचं, आणि अचानक दोन साध्या वस्तू मिळून अचाट काहीतरी घडतं तेव्हा खुर्चीत सरसावून बसायचं. दोन्हीकडे डोक्याला मिळणारं खाद्य हेच.

दुसरा प्रकार लोकांच्या वागण्यावरून अंदाज बांधण्याचा. 'ज्यांना हे आवडलं त्यांना तेही आवडलं', हे वाक्य आपण रोज वाचतो, पण त्यामागचा हिशोब गमतीचा आहे. समजा एका दुकानात 1000 खेळाडू आहेत. त्यातल्या 100 जणांनी 'रिटर्न ऑफ द ओब्रा डिन' मन लावून खेळला. (लुकस पोपचा 2018 चा गेम. ईस्ट इंडिया कंपनीचं एक जहाज रिकामं परत येतं आणि विम्याचा निरीक्षक म्हणून तुम्हाला साठ माणसांचं काय झालं ते शोधायचं असतं. खेळला नसेल तर त्याबद्दल आणखी काही वाचू नका.) या 100 जणांकडे आणखी काय आहे? 60 जणांकडे काउंटर-स्ट्राइक हा बंदुकांच्या लढाईचा गाजलेला गेम, आणि 12 जणांकडे 'द केस ऑफ द गोल्डन आयडॉल'. साठ मोठे की बारा? बाळबोध यंत्र काउंटर-स्ट्राइक सुचवेल. पण सगळ्या 1000 जणांत काउंटर-स्ट्राइक 600 जणांकडे आहे, म्हणजे शंभरात साठ, म्हणजे ओब्रा डिनवाल्यांत आणि इतरांत काहीच फरक नाही. गोल्डन आयडॉल मात्र 1000 जणांत फक्त 20 जणांकडे. शंभरात दोन. ओब्रा डिनवाल्यांत शंभरात बारा. सहापट! इथे काहीतरी धागा आहे. आकडे मी समजुतीसाठी घेतले आहेत, पण धागा खरा आहे: दोन्ही गेममध्ये थिजलेलं दृश्य न्याहाळून कोण कोण आहे आणि काय घडलं हे आपणच जुळवायचं असतं.

लोकप्रियतेची ही सूज वजा करणं म्हणजे शिफारशीचं अर्धं काम. पण तीही मर्यादेत. एखादा गेम सगळ्या 1000 जणांत दोघांकडेच असता आणि ते दोघेही ओब्रा डिनवाले निघाले असते, तर तो योगायोगही असू शकला असता, आणि यंत्राने भलताच गेम गळ्यात मारला असता. म्हणून प्रत्येक दुकान 'सगळ्यांना आवडणारं' आणि 'मोजक्यांनाच आवडणारं' यांच्यामध्ये कुठेतरी काटा ठेवतं, आणि धंद्याच्या दृष्टीने तो काटा लोकप्रिय बाजूला झुकलेला असणं साहजिक आहे.

व्हॉल्व्हने 2019 मध्ये एक शिफारस-यंत्र काढलं आणि हा काटा चक्क खेळाडूच्या हातात दिला. इंटरॅक्टिव्ह रेकमेंडर हे त्याचं नाव. गेम कशाबद्दल आहे हे ते यंत्र बघतच नाही. लाखो लोकांनी कोणते गेम किती वेळ खेळले, त्या नोंदींवर ते शिकलेलं आहे. टॅग फक्त नंतर गाळण्यासाठी. त्यात एक पट्टी आहे: एका टोकाला लोकप्रिय, दुसऱ्या टोकाला आडवाटेचे. दुसरी पट्टी गेम किती जुना-नवा हवा याची. पहिली पट्टी आडवाटेकडे सरकवून बघा. स्टीमच्या पहिल्या पानावर जन्मात दिसले नसते असे गेम वर येतात, आणि ते सगळेच टाकाऊ नसतात.

अशी यंत्रं आत काय करतात, हे फार खोलात न जाता सांगायचं तर: प्रत्येक गेमला आणि प्रत्येक खेळाडूला ती आकड्यांची एक रांग देतात. एक आकडा कदाचित शांत-धावपळ याचा असेल, दुसरा कदाचित थोडा वेळ-खूप वेळ याचा. 'कदाचित' म्हणायचं कारण, या आकड्यांना कुणी नावं दिलेली नसतात. यंत्र ते स्वतःच चाचपडत ठरवतं. ज्या गेमची रांग तुमच्या रांगेशी जुळते तो तुमच्यापुढे येतो. नेटफ्लिक्सने 2006 मध्ये चित्रपटांच्या शिफारशी सुधारण्यासाठी 10 लाख डॉलरची स्पर्धा लावली, 2009 मध्ये बक्षीस दिलं गेलं, तेव्हापासून ही पद्धत विशेष गाजली.

हे सगळं हुशारीचं आहे, पण त्याचे कच्चे दुवे आपल्याकडच्या घरांत लगेच दिसतात. घरात पीसी एक आणि स्टीमचं खातंही एक. धाकटा दिवसभर फुटबॉल खेळतो, ताई रात्री कोडी सोडवते. यंत्राला दोघं मिळून एकच विचित्र माणूस दिसतो. शिवाय तास म्हणजे आवड नव्हे. रोज लॉगिनचं बक्षीस मिळतं म्हणून सवयीने उघडलेल्या गेमचे तीनशे तास होतात, आणि 'अ शॉर्ट हाइक'सारखा डोंगर चढायचा छोटासा गेम दोनेक तासांत संपतो, पण पुढे कितीतरी दिवस मनात राहतो. नुसते तास मोजले तर दुसरा गेम कायम मागे पडणार. आणि मोबाइलवर तर 'तुमच्यासाठी' म्हणून दिसणाऱ्या बऱ्याच गोष्टी पैसे भरून लावलेल्या जाहिरातीच असतात. तिथे आवडीचा प्रश्नच येत नाही.

आता 'का' कडे येऊ.

खेळणाऱ्यांच्या जाती लावायचा प्रयत्न जुना आहे. रिचर्ड बार्टल हे इंग्लंडच्या एसेक्स विद्यापीठातले. 1978 साली तिथे रॉय ट्रबशॉने सुरू केलेल्या 'मड' या केवळ मजकुरावर चालणाऱ्या, अनेकांनी मिळून खेळायच्या गेमवर बार्टल यांनीही काम केलं. पुढे 1996 मध्ये त्यांनी लिहिलं की असे गेम खेळणारे साधारण चार तऱ्हेचे: गुण आणि पातळ्या कमावणारे, कानाकोपरा धुंडाळणारे, गप्पांसाठी येणारे आणि दुसऱ्याच्या कुरापती काढण्यात सुख मानणारे. ही विभागणी इतकी गाजली की तिच्यावरून इतरांनी प्रश्नावली बनवली आणि लोक 'मी अमुक टाइपचा' असं राशीसारखं सांगू लागले. माझ्या मते चौकटी वाचायला मजेदार आहेत, पण गेम निवडायला फारशा उपयोगी नाहीत. एकच माणूस शनिवारी दुपारी धुंडाळणारा असतो आणि ऑफिसमधून दमून आल्यावर नुसता गवत कापणारा.

त्यापेक्षा एकच गेम जवळून बघा. 'स्टारड्यू व्हॅली', 2016. एरिक बॅरोन या एकट्या माणसाने चित्रं, संगीत, कोड सगळं केलेला शेतीचा गेम. आजोबांची पडीक शेती तुमच्या नावावर येते, ऋतू 28 दिवसांचा, आणि गेममधला एक दिवस घड्याळात साधारण 14 मिनिटांचा. चार मैत्रिणींना तो वेड्यासारखा आवडतो असं धरू.

पहिली कागदावर चौकटी आखते. स्प्रिंकलर कुठे ठेवला की जास्तीत जास्त वाफे भिजतील, फळं तशीच विकायची की पिंपात घालून वाइन करायची, याचा ती हिशोब मांडते. गावातल्या माणसांशी बोलायला तिला वेळ नाही. दुसरीला शेती म्हणजे निमित्त. कुणाचा वाढदिवस कधी, कुणाला काय भेट आवडते, कुणाच्या घरात काय बिनसलंय, हे तिला पाठ. तिसरीला संग्रहालयातली किंवा माशांच्या यादीतली एकही जागा रिकामी दिसली की चैन पडत नाही. एक मासा फक्त पावसात मिळतो म्हणून ती पावसाची वाट बघत बसते. चौथी काहीच मिळवत नाही. सकाळी उठायचं, पाणी घालायचं, कुत्र्याला थोपटायचं, झोपायचं. पाऊस पडला की पाणी घालायचीही सुट्टी.

दुकान या चौघींना पुढचा शेतीचा गेम दाखवणार. पहिलीला खरं तर 'फॅक्टोरियो' द्यायला हवा. त्यात शेती नाही, अनोळखी ग्रहावर यंत्रांचे पट्टे जोडत कारखाना वाढवायचा असतो, आणि तिचे पुढचे काही महिने गेलेच म्हणून समजा. दुसरीला 'स्पिरिटफेअरर', ज्यात मेलेल्यांचे आत्मे बोटीवर घ्यायचे, त्यांना आवडीचं खाऊ घालायचं, मिठी मारायची आणि एक दिवस निरोप द्यायचा. तिसरीला 'डेव्ह द डायव्हर': दिवसा समुद्रात बुडी मारून मासे धरायचे, रात्री सुशीचं हॉटेल चालवायचं, आणि माशांची यादी भरत न्यायची. चौथीला 'डॉर्फरोमॅन्टिक', षटकोनी तुकडे जोडत नदी, गाव, जंगल वाढवत न्यायचं. शेतीचा संबंध आला तर नुसत्या शेतांच्या तुकड्यांपुरता.

म्हणून स्वतःची आवड लिहून काढायची असेल तर गेमच्या नावांनी किंवा प्रकारांनी सुरुवात करू नका. आवडलेले दोन-तीन गेम घ्या आणि सगळ्यांत रंगात आला होतात त्या क्षणी काय *करत* होतात ते क्रियापदात लिहा: जुळवत होतो, लपत होतो, नेम धरत होतो, भटकत होतो, साठवत होतो, कुणाचं तरी ऐकत होतो. मग मध्येच सोडून दिलेला एक गेम घ्या आणि नेमका कुठे सोडला ते लिहा. हे दुसरं जास्त कामाचं. आवडीची कारणं आपण सजवून सांगतो; नावडीबद्दल माणूस खरं बोलतो. 'तोच बॉस (टप्प्याच्या शेवटी येणारा मोठा शत्रू) पुन्हा पुन्हा मारायला लागला', 'वाचायलाच फार होतं', 'दोन दिवस गॅप पडला आणि कुठे होतो तेच विसरलो'.

यात परिस्थितीचीही भर घाला, कारण आवड हवेत तरंगत नसते. मध्येच पॉज करता येतो का? लहान मूल घरात असेल तर ऑनलाइन सामन्यांचा विषय तिथेच मिटला. लॅपटॉपला वेगळं ग्राफिक्स कार्ड आहे का? नसेल तर गेमच्या पानावरची किमान गरज आधी वाचा, ट्रेलर नंतर. मजेची गोष्ट म्हणजे वर आलेले स्ले द स्पायर, बालात्रो, स्टारड्यू व्हॅली साध्या लॅपटॉपवरही चालतात.

विषय आणि क्रिया वेगळ्या काढणं इथेही लागतं. आपल्याकडे 'भारतीय पुराणकथांवरचा गेम आहे का?' असं विचारलं की 'राजी'चं नाव येतं. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने 2020 मध्ये काढलेला, राक्षसांनी पळवलेल्या भावाला शोधायला निघालेल्या मुलीचा गेम. भिंतींवरची चित्रं, झरोके, महाल बघत राहावेत असे. पण हाताने करायचं काय? भिंतींवर चढायचं, उड्या मारायच्या आणि त्रिशूळ फिरवून लढायचं. ज्याला लढाईचा कंटाळा आहे त्याला पुण्याचा गेम म्हणून कौतुक वाटेल, पण तो पूर्ण करेलच असं नाही. त्याच्यासाठी शोधाचे शब्द वेगळे हवेत.

मग रिव्ह्यूंकडे जा, आणि वाईट रिव्ह्यू आधी वाचा. 'डेथ स्ट्रँडिंग'बद्दल 2019 मध्ये कित्येकांची तक्रार होती की यात पाठीवर ओझं घेऊन ओसाड डोंगरांतून नुसतं चालायचंच आहे. सह्याद्रीत ट्रेक करणाऱ्या एखाद्याला हे वाक्य जाहिरातीसारखं वाटेल. तक्रार खरी असते, ती तुमची आहे का एवढंच बघायचं. स्टीमवर प्रत्येक रिव्ह्यूवर त्या माणसाचे खेळण्याचे तास दिसतात. पाचशे तासवाला शेवटच्या टप्प्यातल्या बारकाव्यांवर भांडत असतो. आठ-दहा तासवाल्याचं म्हणणं नवख्याच्या कामाचं.

रिव्ह्यूंच्या वर दिसणाऱ्या टक्केवारीवर फार विसंबू नका. स्टीमवर मत 'आवडलं' किंवा 'नाही' एवढंच देता येतं. 95 टक्के म्हणजे शंभरात पंचाण्णवांना निदान बरा वाटला. त्यातल्या एकाचाही तो जिवाभावाचा असेल असं नाही. 70 टक्केवाला गेम दहांत तिघांना नकोसा होतो, पण उरलेल्यांतले काही त्याच्यावर जीव टाकतात. विचित्र आवडीच्या माणसाने 70 ते 80 मध्येच जास्त शोधावं, असं मला वाटतं.

पत्त्यांचे आणि पटावरचे गेम खेळणाऱ्यांची सोय या बाबतीत बरी आहे. बोर्डगेमगीक या वेबसाइटवर 2000 सालापासून लोक दहापैकी गुण देत आले आहेत, आणि त्यांचं क्रमवारी लावण्याचं तंत्र सावध आहे: प्रत्येक गेमला मधल्या गुणांची काही काल्पनिक मतं जोडली जातात, त्यामुळे दहा मित्रांनी दहा-दहा गुण दिले म्हणून गेम शिखरावर जात नाही. पण क्रमांकापेक्षा तिथला 'वेट' हा आकडा बघा, गेम डोक्याला किती जड ते सांगणारा, एक ते पाच. बराच काळ पहिल्या क्रमांकावर असलेला 'ब्रास: बर्मिंगहॅम' या मापावर चारच्या जरा खाली आहे. दिवाळीला जमलेल्या आत्या-काकांपुढे तो उघडलात तर नियम सांगता सांगता फराळ संपेल. 'कॅटन' सव्वादोनच्या आसपास. सुरुवात तिथून करा.

चॅटबॉटला विचारायलाही हरकत नाही, आणि क्रियापदांची ती यादी त्याला दिलीत तर उत्तरं चांगली येतात. फक्त तो कधी कधी गेममध्ये नसलेल्या गोष्टी ठामपणे सांगतो, म्हणून नाव घेऊन दुकानाचं पान उघडून बघायचंच.

शेवटी खेळून बघण्याला पर्याय नाही, आणि त्यासाठी खिसा रिकामा करायची गरज नाही. स्टीमवर वर्षातून तीनदा, साधारण फेब्रुवारी, जून आणि ऑक्टोबरमध्ये, नेक्स्ट फेस्ट असतो. यायच्या गेमचे शेकडो डेमो आठवडाभर फुकट. फॅक्टोरियोचा डेमो एरवीही मिळतो, आणि तो गेम सेलमध्ये स्वस्त होतच नाही, त्यामुळे वाट बघण्यात अर्थ नाही. विकत घेतलेला गेम जमला नाही तर 14 दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असेल तर स्टीम पैसे परत करतं. म्हणून घेतल्या घेतल्या एकाच बैठकीत तास-दीड तास खेळून ठरवा. सेलमध्ये घेऊन तसेच ठेवलेले गेम 14 दिवसांनंतर तुमचेच. या सवलतीचा एक गैरवापर होतो, तो मात्र करू नका: दोन तासांत संपणारा छोटा गेम पूर्ण करून पैसे परत मागणं. असे गेम बरेचदा एक-दोघांनी वर्षानुवर्षं खपून केलेले असतात. आणि जमला नाही त्या गेमच्या पानावर 'इग्नोर' दाबायला विसरू नका. 'हा दुसरीकडे खेळलोय' असा पर्यायही तिथेच असतो, प्लेस्टेशनवर किंवा फोनवर संपवलेल्या गेमसाठी.